रक्त मागच्या बाईंना दिसलं, आईला कळलं नाही

प्रश्न (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात) : आई ६३ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी दादा-वहिनीजवळ राहते. १४ वर्षांपासून शुगर, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. ती माळकरी आहे. १९ वर्षं आळंदी ते पंढरपूर वारी करते, तीही अनवाणी. तो तिचा नेम आहे. गेल्या वर्षी लोणंदच्या पुढे मागून येणाऱ्या एका बाईंनी ओरडून तिला थांबवलं. डांबरावर तिच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत होते, तळव्यात काच रुतली होती. आई हसून म्हणाली, ‘मला काही कळलंच नाही, माउलीनंच दुखणं काढून घेतलं.’ जखम भरायला चार महिने लागले. ‘नसा कमजोर झाल्यात’ म्हणून इंजेक्शनांचा कोर्सही झाला. आता रात्री तळपाय जळजळतात, म्हणून ती शहाबादी फरशीला पाय टेकवून झोपते. मोरीत तोंड धुताना तिचा झोक जातो. यंदा पुन्हा निघायची तयारी चालली आहे. दादा म्हणतो, दुखत नाही म्हणजे बरी झाली, पांडुरंग बघून घेईल. मी पुण्यात नोकरी करते, देव फारसा मानत नाही, त्यामुळे मी तोंड उघडलं की भांडण होतं. आईची सहनशक्ती मुळातच फार. तिला अडवलं तर ती मनानं खचेल, जाऊ दिलं तर पाय जाईल. गँगरीनचे फोटो दाखवून घाबरवू का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली आहे : ‘आईची सहनशक्ती मुळातच फार.’ असेलही. मुलंबाळं, शेत, सासुरवास काढलेल्या बाईला सोसण्याचं वेगळं शिक्षण लागत नाही. पण काच रुतलेली असताना ती चालत राहिली, त्याला सहनशक्ती म्हणू नका. सोसायला आधी दुखावं लागतं.

दादा म्हणतात देवानं सांभाळलं, तुम्ही म्हणता आईनं सोसलं. एकमेकांशी भांडत असलात तरी दुखणं होतं, हे तुम्ही दोघांनीही धरूनच चालला आहात. माझ्या मते ते नव्हतंच. काचेचा निरोप तळव्यातून निघालाच नाही.

‘नसा कमजोर’ या दोन शब्दांनी आपल्याकडे फार घोटाळा केलाय. आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, मज्जातंतूलाही नस म्हणतो, आणि मान धरली तरी ‘नस आखडली’ म्हणतो. मग ताकदीचं इंजेक्शन दिलं की नस सुधारेल असं वाटणारच. तुमच्या आईच्या बाबतीत बोलायचंय ते मज्जातंतूबद्दल. अंगठ्याच्या टोकापासून निघालेला स्पर्शाचा एक तंतू घोटा, पोटरी, मांडी असा चढत कमरेच्या मणक्यापाशी पोचतो. ही सगळी एकच पेशी. तिचं बूड मणक्याशेजारी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. आणि तिची शेपटी जवळजवळ एक मीटर लांब. त्या शेपटीच्या टोकाला लागणारी बरीचशी सामग्री बुडाशी तयार होऊन तिथून वाहून न्यावी लागते. सगळ्यांत वेगवान वाहतूक दिवसाला साधारण ४० सेंटिमीटर. म्हणजे कमरेहून अंगठ्यापर्यंत जायला दोन-तीन दिवस. बाकीचा माल तर दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या चालीनं सरकतो.

आता वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली, तर ही पेशी आणि तिला रक्त पुरवणाऱ्या केसांहून बारीक वाहिन्या, दोन्ही खराब होतात. पाटाला पाणी कमी आलं की कुणाचं रान आधी वाळतं हे तुमच्या दादांना सांगायला नको. शेवटच्याचं. म्हणून मधुमेहात बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो, मग मोजा घातल्यासारखा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास आला की मग हाताच्या बोटांची पाळी येते. दोन्ही पायांना सारखाच येतो आणि हळूहळू येतो. त्यामुळे कुठल्या दिवशी काय गेलं हे माणसाला सांगता येत नाही.

आईला वाटत असेल (खूप जणांना वाटतं) की जळजळ होतेय म्हणजे नसा जिवंत आहेत. जुना लँडलाइन फोन आठवा. वायर कुजली की समोरच्याचा आवाज यायचा नाही, पण खरखर चालूच. आग आणि दुखणं वाहणारे तंतू फार बारीक असतात, त्यांचे निरोप सेकंदाला मीटरभराच्या संथ चालीनं जातात. ते बिघडले की वर विस्तव नसतानाही ‘विस्तव, विस्तव’ असं कळवत राहतात. रात्री अंगाला दुसरं काम नसतं, तेव्हा ते जास्त जाणवतं. आणि खरोखर काच रुतते तेव्हा तेच तंतू गप्प. एकाच पायात आग आणि बधिरपणा दोन्ही असू शकतात. त्या जळजळीवर प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. त्यांनी आग कमी होते, झोप लागते. हरवलेला स्पर्श त्यांनी परत येत नाही. (यातल्या दोन गोळ्या उदासीनतेच्या आजारातही देतात. दुकानदारानं तसं सांगितलं म्हणून लोक त्या अर्ध्यात टाकून देतात. तुम्ही टाकू देऊ नका. मात्र अशा गोळ्यांनी गुंगी येते. रात्री मोरीकडे जाताना दिवा लावायचा.)

झोक जाण्याचा धागाही इथेच आहे. पाऊल कुठे टेकलंय, किती वाकलंय हे कळवणारे तंतू जाड असतात, त्यांचा वेग सेकंदाला ५०-६० मीटरच्या घरात. ते बिघडले की शरीर डोळ्यांवर भागवून घेतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तो आधारही जातो. वयानं चक्कर येते म्हणून तुम्ही सोडून दिलं असेल. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा.

आता मुद्द्याची गोष्ट. काट्यावर पाय पडला की तुम्ही तो ‘आई गं’ म्हणायच्या आधी उचललेला असतो. निरोप मेंदूत पोचण्याची वाट न बघता मणक्यातला मज्जारज्जूच परस्पर हुकूम देतो. ही झाली ठळक गोष्ट. पण दिवसभर दुखण्याची अशी कितीतरी बारीक कामं चालतात, जी आपल्या गावीही नसतात. चार मैल चाललं की आपण नकळत टाचेवरचा भार चवड्यावर घेतो. चप्पल चावायला लागली की पाऊल जरा तिरकं टाकतो. उभं राहून कंटाळलं की या पायावरून त्या पायावर येतो. तुमच्या आईचा पाय यातलं काही करत नाही. तो एकाच जागेवर, तेवढाच भार टाकत, हजारो वेळा पडत राहतो. मग तिथे घट्टा येतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं, आणि एक दिवस भोक दिसतं. काच हे निमित्त. काच नसती तरी कधी ना कधी तिथेच फुटलं असतं.

माझ्या दवाखान्यात एक एसटी कंडक्टर खोकल्यासाठी आले होते. बूट काढायला लावले तर एका बुटातून एक रुपयाचं नाणं पडलं. दिवसभर त्यावर उभं राहून त्यांनी तिकिटं फाडली होती. तळव्यावर त्या नाण्याचा गोल छाप होता, कडेनं पाणी सुटलेला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, ‘अरेच्चा, सकाळी हिशेबात रुपया कमी आला होता.’

न दुखणारा अवयव का जातो, हे कोडं सुटलं ते मधुमेहात नव्हे, कुष्ठरोगात. डॉ. पॉल ब्रँड १९४६मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले तेव्हा कुष्ठरोग्यांची बोटं रोगानंच झडतात अशी समजूत होती. त्यांच्या लक्षात आलं की रोग मज्जातंतू मारतो, आणि बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी. तापलेलं भांडं हातानं उचलणं, कुलपात अडकलेली किल्ली जोर लावून फिरवणं. काहींची बोटं तर रात्रीतून लहान होत. पाहिलं तर झोपेत उंदीर कुरतडत होते. मग रुग्ण घरी जाताना सोबत मांजर द्यायला सुरुवात झाली. उंदीर फुंकर घालत कुरतडतो म्हणून कळत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. फुंकर कुठली! ज्याला कळत नाही त्याचे तंतू आधीच गेलेले असतात.

आता देवाबद्दल. तुमचा आणि दादांचा वाद श्रद्धेचा आहे असं तुम्हाला वाटतं; मला तो तसा दिसत नाही. आई आठवडे बाजाराला अनवाणी गेली असती तरी मी हेच लिहिलं असतं. ‘माउलीनं दुखणं काढून घेतलं’ हे तिचं वाक्य खोडायला जाऊ नका. तिच्या परीनं तिनं अगदी नेमकं निदान केलंय : दुखणं खरंच काढून घेतलं गेलंय. आणि अनवाणी चालण्याचा दंडक वारीत नाही. लाखो वारकरी चपला घालून चालतात, वाटेत त्या फुकट शिवून देणारे बसलेले असतात. अनवाणीपण हा आईचा स्वतःचा नेम आहे, तेव्हा तो बदलायचा अधिकारही तिचा. दिंडीतल्या विणेकऱ्यांनी किंवा फडावरच्या महाराजांनी तिला ‘आता पायात घाला’ असं म्हटलं, तर तुमच्या दहा फोनपेक्षा ते जास्त लागू पडेल. दादांना ते काम सांगा. त्यांना विरोधी पक्षात बसवून काही हाती लागणार नाही.

दुसरं, तुम्ही सगळा धोका वारीत बघताय. वारी तीन आठवड्यांची. उरलेलं वर्ष ती कुठे असते? अंगणात, गोठ्यात, चुलीपुढे, मोरीत. आणि तिथेही बहुधा अनवाणीच. समजा तुम्ही वारी बंद पाडली आणि घरात चप्पल आली नाही, तर पाय वाचला या समाधानात तुम्ही राहाल आणि श्रावणात पुन्हा जखम होईल. भरलेली जखम वर्षभरात परत उघडण्याचं प्रमाण दहात चारच्या आसपास आहे, मग माणूस पंढरीला जावो की न जावो.

फोटो दाखवू नका. घाबरलेलं माणूस पाय लपवतं. लुगड्याच्या काठाखाली जखम झाकून आठ-आठ दिवस काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्याऐवजी या रविवारी गावी जा आणि एक साधी चाचणी करा. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयातून ती आली, तिला एक पैसाही लागत नाही. आईला आडवं पडून डोळे मिटायला सांगा. तिचा उजवा पाय कुठला, डावा कुठला हे आधी हात लावून सांगा. मग तुमच्या तर्जनीच्या टोकानं तिच्या पायाच्या बोटाच्या अगदी टोकाला हलकेच स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळलं की तिनं ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. दोन्ही अंगठे, दोन्ही करंगळ्या, दोन्ही मधली बोटं, अशी सहा. न कळलेल्या बोटाला दुसरी संधी नाही. सहातली दोन किंवा जास्त चुकली तर संवेदना गेली असं धरायचं.

हे दादांच्या समोर करा. किंवा त्यांनाच करायला लावा, तेच बरं. आई डोळे मिटून पडलीय, आपण अंगठ्याला बोट लावून बसलोय आणि ती म्हणतेय ‘अरे लाव ना हात’, हे एकदा पाहिलं की दुखत नाही म्हणजे बरी झाली, असं तेही म्हणणार नाहीत. मग आईला डोळे उघडून तुमचं बोट तिथेच आहे हे बघू द्या. तुम्ही काही बोलू नका.

त्यानंतर डॉक्टर. मधुमेही पायाचे तज्ज्ञ आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. ते नसतील तर चांगले फिजिशियन चालतील. ते १० ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्यानं स्पर्श आणि १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कनं (थरथरणारा धातूचा चिमटा) कंप कळतो का ते तपासतील. पावलावरच्या नाडीत रक्त पोचतंय का ते बघायला सांगा. मज्जातंतू वेगळे आणि रक्तपुरवठा वेगळा, दोन्ही तपासायचे असतात. आणि बी-१२ची तपासणी करून घ्या. हे ठळक लिहायचं कारण आई माळकरी आहे. बी-१२ मिळतं मांस, मासे, अंडी, दुधातून. यातलं फक्त दूध तिच्या वाट्याला येतं, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या मेटफॉर्मिननं बी-१२ आतड्यात शोषलंही कमी जातं. त्याची कमतरता थेट मज्जातंतूंना आणि मज्जारज्जूला बाधते, अगदी मधुमेहासारखाच बधिरपणा आणते, आणि वेळेत कळली तर सुधारते. झालेला इंजेक्शनांचा कोर्स कदाचित याचाच असेल. चिठ्ठी शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. म्हणून मेटफॉर्मिनची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. मधुमेहानं गेलेला स्पर्श बहुधा परत येत नाही. साखर ताब्यात ठेवून उरलेला राखता येतो.

आता वारी. माझं मत विचारलंत म्हणून सांगते : यंदा पूर्ण वाट चालू नये. चार महिन्यांची जखम, बधिर तळवा, आणि अडीचशे किलोमीटर. तापलेलं डांबर, वर पाऊस आला की भिजलेली चामडी. नव्यानं भरलेली कातडी एवढं सोसत नाही. पण ‘चालू नये’ म्हणजे ‘जाऊ नये’ असं नाही. दिंडीच्या ट्रकमधून मुक्कामाला पुढे जाणारी माणसं असतात, स्वयंपाकाला, तंबूला, हरिपाठाला त्यांची गरज असते. १९ वर्षांच्या वारकरी बाईला तिथे मानही मिळेल. डॉक्टरांनी पाय पाहून हो म्हटलं आणि पायात योग्य चप्पल असेल, तर वाखरीपासून पंढरपूरचा शेवटचा टप्पा चालता येईल. ‘वाखरीला पायी चाललीस की वारी झाली’ हे तुम्ही म्हणू नका, तो हिशेब तिच्यावर सोडा. तिनं कुठलाच पर्याय घेतला नाही आणि पूर्ण चालायचंच ठरवलं, तर अडवायला बैलगाडी आडवी घालू नका. मग सोबत कुणीतरी हवं, एवढी अट घाला. वहिनी, भाची, दिंडीतली मैत्रीण, कुणीही, जी रोज मुक्कामावर पाय बघेल. तिच्या पायाचे तंतू जे काम करत नाहीत, ते आता कुणाच्या तरी डोळ्यांनी करायचं आहे.

ते काम असं. रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. एकटी असेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरायचा. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावून बघा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, लाल किंवा सुजलेलं दिसलं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आत हाडं मोडत असू शकतात. मुक्कामावर घमेल्यात कढत पाणी-मीठ घालून पाय शेकायची पद्धत आहे, ती आईसाठी कायमची बंद. तिला चटका कळत नाही, सालटं निघाल्यावरच दिसेल. फोड सुईनं फोडून घेणं नाही, कुरुपावर मेडिकलमधली कॉर्न कॅप नाही, भेगा ब्लेडनं खरवडणं नाही. घाम आणणारे तंतूही बिघडतात म्हणून कातडी कोरडी पडून भेगा पडतात. तिथे रोज खोबरेल तेल चोळा, पण बोटांच्या मध्ये नको, तिथे ओल राहते. चप्पल एमसीआर रबराची (बारीक छिद्रांचं मऊ रबर), मागे पट्टा असलेली; अंगठ्याची नको. बधिर पायातून सपाता निसटतात आणि निसटलेलं कळत नाही. चप्पल संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, माप बरोबर मिळतं. घालण्याआधी दर वेळी उलटी करून झटकायची. मोजे पांढरे सुती. रक्त-पाणी लगेच दिसतं.

पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, तेव्हा वाटेत एक एकादशी येते आणि शेवटी आषाढी. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा फार उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन जोडलेलं असेल, तर उपास आणि चाल एकत्र आले की उतरते. आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहात कधीकधी घाम, थरथर ही धोक्याची खूण देणारे तंतूही मंदावलेले असतात. उपासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हृदयाचं दुखणंही असंच कळेनासं झालेलं असू शकतं, म्हणून छातीत न दुखता नुसता दम, घाम किंवा मळमळ झाली तरी ईसीजी काढायचा, हेही सोबतच्या बाईला सांगून ठेवा.

राहिली जोडवी. सुजलेल्या बोटात ती रुततात, आत जखम होते आणि चांदीखाली कुणी बघत नाही. ती काढायला मुलीनं सांगितलं तर घरात काय होईल ते मी ओळखून आहे. वहिनींना मध्ये घाला. त्या ‘दुरुस्तीला टाकते’ म्हणून एकदा काढून घेतील. मग सोनाराकडून ती मोठी, कड गोल करून आणा.

आणि रविवारची चाचणी झाली की वहीच्या पानावर दोन पावलं काढा, सहा बोटांवर फुली नाहीतर बरोबरची खूण करा, वर तारीख लिहा. तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.